फळांच्या बाजूने

आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला वादविवादाची स्पर्धा असते. विषय आठ दिवस आधी सांगतात, पण बाजू सांगत नाहीत. नाव पुकारलं की पुढे जायचं आणि टेबलावरच्या डब्यातली एक चिठ्ठी उचलायची. ‘बाजूने’ निघालं तर बाजूने बोलायचं, ‘विरुद्ध’ निघालं तर विरुद्ध. त्यामुळे दोन्ही भाषणं तयार ठेवावी लागतात. आमच्या वर्षी विषय मुलांकडून मागवले होते. ‘माणसाने फक्त फळं खाऊन राहावं का?’ हा विषय मी दिला होता. सरांना तो आवडला, कारण राजकारण नाही, धर्म नाही, भांडण होणार नाही.

मी तो दिला, कारण त्या दिवसांत आमच्या घरात दुसरं काही चालूच नव्हतं.

आम्ही कासारवाडीत राहतो, स्टेशनच्या अलीकडे, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. खाली घरमालकीण काकू. त्या मूळच्या इथल्याच, त्यांच्या शेतावर आता तीन इमारती आहेत. आम्ही मराठवाड्यातले. मम्मी रावेतच्या एका सोसायटीत घरकामाला जाते. पप्पा तेव्हा चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते. गाड्यांच्या दरवाजांचे पत्रे मशीनखाली धरायचे, दाबून झाले की काढायचे. अकरा वर्षं ठेकेदाराकडून. म्हणजे गणवेश कंपनीचा, बस कंपनीची, कॅन्टीन कंपनीचं, फक्त माणूस कंपनीचा नाही.

जानेवारीत सुपरवायझरने सांगितलं की जुन्या कंत्राटी लोकांपैकी काहींना पर्मनंट करणार आहेत. पप्पांचं नाव यादीत होतं. फक्त मार्चमध्ये मेडिकल होणार होतं आणि त्यात फिट निघायचं होतं.

पप्पांना शुगर होती. दीड वर्षापूर्वी पालिकेच्या दवाखान्यात कळली, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गोळी. मागच्या वेळी त्यांच्याच लाइनवरचा एक माणूस मेडिकलमध्ये नापास होऊन परत आला होता. शुगरमुळेच, असं बसमध्ये बोललं जायचं. खरं कारण काय होतं ते मला माहीत नाही, पप्पांनाही नव्हतं. पण त्या दिवसापासून पप्पांनी गोळ्यांची गोष्ट कंपनीत कुणाला सांगितली नाही. एका माणसाला सोडून.

तो माणूस म्हणजे कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी बसणारे काका. नाशिक फाट्यावर दोघं एकत्र चढायचे. काका क्वालिटीला होते, पर्मनंट, स्वभावाने मोकळे. त्यांनी चार महिन्यांपासून शिजवलेलं अन्न सोडलं होतं. सकाळी फळं, दुपारी फळं, रात्री फळं. त्यांचं सुटलेलं पोट आत गेलं होतं आणि चेहऱ्यावर तेज आलं होतं, हे मी स्वतः बघितलंय. एका रविवारी ते आमच्याकडे आले. पिशवीत एक मोठी पपई होती.

“वहिनी, जेवायचं करू नका हं. माझं जेवण मी घेऊन आलोय.”

मम्मी म्हणाली, “बरंय की भावजी. सगळे पाहुणे असेच यायला पाहिजेत.”

“हसा, हसा. माझी बायको पण आधी हसायची. आता बघा तिचं वजन.”

“त्यांचं पण कमी झालं?”

“कमी कुठलं? वाढलं. माझ्या वाटणीच्या चपात्या आता तीच खाते ना.”

आम्ही सगळे हसलो. मग काकांनी पपई कापली आणि बोलायला लागले. गोळी म्हणजे धंदा, भावा. एकदा सुरू झाली की मरेपर्यंत सुटत नाही. देवाने फळ दिलंय ते सालीत गुंडाळून, धुवायचं पण काम नाही. आपण ते सोडून जाळ करत बसतो. माझी शुगर बॉर्डरला आली होती, एका महिन्यात जागेवर. मेडिकलला अजून दीड महिना आहे. करून बघ.

घरमालकीण काकू जिन्यात लसूण सोलत बसल्या होत्या. दार उघडंच होतं.

“आवं, फळं खाऊन कुनी जगतंय व्हय? एकादशीला खावावी, दुसऱ्या दिशी भाकर मोडावी. माणूस हाय का वानर?”

“काकू, वानराला शुगर झालेली बघितली का तुम्ही?”

“न्हाई बघितली. पर वानराला कंपनीत बी जावं लागत न्हाई.”

पप्पा इतके मोठ्याने हसले की त्यांना ठसका लागला. ठसका थांबल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तू काय म्हणतीस माय? तू शिकलेली हायस.”

आमच्याकडे लेकीला माय म्हणतात.

मी कॉमर्सला आहे. मला डेबिट-क्रेडिट येतं. शरीरातलं मला दहावीच्या पुस्तकाएवढंच माहीत होतं आणि तेही विसरलं होतं. पण आमच्या घरात कॉलेज म्हणजे कॉलेज. पप्पा सातवी, मम्मी चौथी. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. विजेचं बिल, रेशनचा अर्ज, मोबाइलवर आलेला इंग्रजी मेसेज, औषधाच्या पाकिटावरची तारीख, सगळं माझ्यापुढे यायचं. मला कधी म्हणता आलं नाही की हे मला येत नाही. त्या दिवशीही मी म्हणाले, “बघून सांगते पप्पा.”

आणि खरंच बघितलं. काकांनी पाठवलेले व्हिडिओ बघितले, कॉलेजच्या लायब्ररीत बसून वाचलं. तेवढ्यात स्पर्धेचं आलं आणि मी दोन्ही कामं एकत्र केली. वहीच्या डाव्या पानांवर बाजूचे मुद्दे लिहिले, उजव्या पानांवर विरुद्धचे. खरं सांगायचं तर उजवी पानं जास्त भरली. पण मला डावी पानं आवडत होती. त्यांतली वाक्यं सुंदर होती.

स्पर्धेच्या दिवशी माझा नंबर सातवा होता. मी वर्गात बोलत नाही. माझं मराठीही अडखळतं. आमच्या घरातले शब्द मध्येच येतील आणि कुणी हसेल, अशी भीती असते. त्या दिवशी मी चिठ्ठी उघडली. ‘बाजूने’ निघालं. मला हायसं वाटलं.

काय झालं कुणास ठाऊक, पण मी अडखळले नाही. मी म्हणाले, पृथ्वीवरचा कुठला प्राणी आपलं अन्न आधी जाळतो आणि मग खातो? मी म्हणाले, झाड आपल्याला फळ देतं तेव्हा काही कापलं जात नाही, काही मरत नाही, अन्न देणारा आणि घेणारा दोघंही जिवंत राहतात, असं दुसरं जेवण दाखवा. मी म्हणाले, ज्याचं ताट झाडाने वाढलं त्याला गोळ्यांच्या पाकिटाची गरज पडत नाही. हे शेवटचं वाक्य एका व्हिडिओतलं होतं, मी फक्त नीट करून घेतलं होतं. त्यावर टाळ्या पडल्या. सर म्हणाले, “आज पहिल्यांदा तुझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत आला.” मला पहिला नंबर दिला.

मी घरी धावत आले असेन, कारण पप्पा पहिल्या शिफ्टवरून येऊन अजून बूटच काढत होते. मी सांगितलं. पप्पांनी एक बूट पायात तसाच ठेवला आणि म्हणाले, “बोलून दाखव. जसं तिथं बोललीस तसं.”

मम्मी कणीक मळत होती. काकू जिन्यातून वर आल्या. मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले आणि सगळं भाषण म्हटलं. घरात तर मी कॉलेजपेक्षाही चांगलं बोलले. पप्पा तोंड उघडं ठेवून ऐकत होते. माझ्या अकाउंटच्या वह्या त्यांनी कितीदा उघडून बघितल्या होत्या आणि जपून परत ठेवल्या होत्या. मी शिकते ते त्यांना कळेल असं पहिल्यांदाच काहीतरी माझ्याकडे होतं.

भाषण संपल्यावर त्यांनी एकच विचारलं. “ते गोळ्यांचं. तसंच हाय का ते?”

या जागी मी पुष्कळदा परत येते. मी काय म्हणू शकले असते याची मी किती वाक्यं तयार केली आहेत ते सांगत नाही. तेव्हा मी म्हणाले, “हो पप्पा. तसंच आहे त्यात.”

“आन सरांनी मान्य केलं?”

“पहिला नंबर दिला.”

पप्पा मम्मीकडे वळले. “ऐकलं का? कॉलेजनं मान्य केलंय.”

मी तोंड उघडलं होतं. मला सांगायचं होतं की तसं नसतं, ती स्पर्धा होती. पण पप्पांनी फोन हातात घेतला होता आणि काकांना सांगायला लागले होते, “अहो, माझ्या पोरीनं सगळ्या कॉलेजाला गप्प केलं आज.” काकू म्हणाल्या, “पोरगी हुशार हाय तुमची, पर त्या वानराचं मला अजून न्हाई पटलं,” आणि खाली जाऊन माझ्यासाठी लाडू घेऊन आल्या. तेवढ्यात ती वेळ गेली.

पप्पांनी आयुष्यात माईकसमोर बोलताना पाहिलेली माणसं म्हणजे विहारात बोलणारे भंतेजी आणि कंपनीच्या गेटवर बोलणारे युनियनवाले. पटो न पटो, ती माणसं जे मानतात तेच बोलतात. माणूस डब्यात हात घालून आपलं मत काढतो आणि मग ते इतक्या पोटतिडकीने मांडतो, हे त्यांना कुठून माहीत असणार? आणि मला ते सांगावंसं का वाटलं नाही? वाटलं. उद्या सांगू असं वाटलं.

दुसऱ्या दिवशीपासून पप्पांच्या डब्यात भाजी-भाकरी गेली नाही. पेरू, केळी, चिकू, पपईच्या फोडी. संध्याकाळी द्राक्षं, कलिंगड. कॅन्टीनमध्ये त्यांची रोज चेष्टा व्हायची आणि ते घरी येऊन आम्हाला ती सांगायचे. “आज ते वेल्डिंगवालं पोरगं म्हणतंय, राव, तुमच्या डब्याला नमस्कार करून दोन फुलं वाहू का? दुसरा म्हणतो, भाऊ, पर्मनंट झाल्यावर तुम्हाला खुर्ची नको, फांदी देतील.” स्वतः सांगून स्वतः हसायचे. एकदा मात्र म्हणाले, “कांद्याच्या ट्रकामागं बस अडकली की जीव कासावीस व्हायलाय. भाकरीच आठवायली.” चाकणला बाजाराच्या दिवशी कांद्याच्या गाड्यांनी रस्ता भरलेला असतो. भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा, याहून जास्त पप्पांना जेवणात काही लागत नसे.

मम्मीला हे मुळीच पटत नव्हतं. “आमच्या आईबापांनी जन्मभर ज्वारी खाल्ली, कुणाला शुगर झाली?” एक दिवस ती कामावरून आली आणि म्हणाली, “त्या बाराव्या मजल्यावरच्या मॅडम पण सकाळी नुसती फळं खातात. मी विचारलं त्यांना. त्या म्हणाल्या, खाऊ दे, पण शुगरवाल्यानं आधी डॉक्टरला विचारावं, गोळ्या सोडू नये.”

पप्पा म्हणाले, “तुझ्या मॅडमचा नंबर आलाय का कॉलेजात?”

मम्मी स्वयंपाकाला लागली. मी तिथेच होते, अभ्यास करत होते. म्हणजे पुस्तक उघडं होतं. मॅडमनी सांगितलेलं माझ्या वहीत उजव्या पानावर दुसऱ्या नंबरला लिहिलेलं होतं. गोळ्यांचं पाकीट कपाटातल्या स्टीलच्या डब्यात असायचं. आठ दिवसांनी मी डबा उघडून बघितला, पाकीट जसंच्या तसं होतं. मी झाकण लावलं. पप्पांचं वजन उतरत होतं. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवीन भोक पाडलं होतं. ते आरशात बघायला लागले होते. मला वाटलं, असेलही खरं. मला ते खरं असायला हवं होतं.

त्यांना तहान फार लागायची. बसमधून उतरले की तिथूनच पाणी प्यायला सुरुवात. सारखं लघवीला जायचे. काका म्हणाले, घाण बाहेर पडतेय. काकू म्हणाल्या, कलिंगडानं दुसरं काय व्हनार? मी काही म्हणाले नाही.

मार्चच्या सुरुवातीला कंपनीने नवे सेफ्टी शूज दिले. डाव्या पायाच्या करंगळीला बूट चावला. फोड आला, फुटला. पप्पा त्यावर हळद लावायचे, दोन मोजे घालायचे आणि कामावर जायचे. जिना चढताना पाय वाकडा पडतोय हे मी बघितलं आणि विचारलं. म्हणाले, “बूट नवीन हायत. दुखत नाही, नुसतं ओलं राहायलंय.” दुखत नाही हे ऐकून मला बरं वाटलं.

मम्मी दवाखान्यात चला म्हणाली. पप्पा म्हणाले, “चार दिवसांवर मेडिकल आलंय. आता पट्टी बांधून घेतली की ते लोक विचारणार, हे काय. अकरा वर्षं थांबलो, चार दिवस थांबता येत नाही का?”

मेडिकलच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी कॉलेजात होते. अकराच्या सुमाराला काकांचा फोन आला. “पोरी, तू पालिकेच्या मोठ्या दवाखान्यात ये. घाबरू नको. मम्मीला मी कळवलंय.” काकांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

नंतर मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. कंपनीत आलेल्या डॉक्टरांनी बोटातून रक्त काढलं आणि मशीनवरचा आकडा बघून परत दुसऱ्या मशीनवर तपासलं. मग बूट काढायला सांगितले. पप्पा म्हणाले, बूट कशाला. मोजा काढला तेव्हा शेजारच्या रांगेतली माणसं मागे सरकली. तिथूनच त्यांना गाडीत घातलं.

आधी पायाची दोन बोटं काढली. आम्हाला वाटलं, संपलं. पाच दिवसांनी परत नेलं आणि गुडघ्याखालून पाय काढला. सही मम्मीने केली. चौथीनंतर तिने पेन धरलं नव्हतं, तिला सही मीच शिकवली होती, मी सातवीत असताना. फॉर्म मी वाचून दाखवला. सगळा, एकही ओळ न सोडता.

वॉर्डात डॉक्टरांनी विचारलं होतं, “गोळ्या कधीपासून बंद आहेत?” आम्ही दोघी पलंगाजवळ उभ्या होतो. पप्पा म्हणाले, “अधूनमधून विसरत होतो साहेब.” डॉक्टर रागावले. अधूनमधून विसरून असं होत नाही, तुम्हाला जिवाची पर्वा नाही, घरी शिकलेलं कुणी नाही का? पप्पांनी ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही. मम्मीनेही नाही.

काका रोज यायचे आणि दाराजवळ उभे राहायचे. एक दिवस मम्मीला म्हणाले, “वहिनी, मला खरंच फायदा झाला होता हो. मी खोटं नव्हतो बोलत.” आणि रडले. त्यांनी गोळी कधी घेतलीच नव्हती, तेवढी त्यांची शुगर नव्हतीच. मम्मीने त्यांच्यापुढे स्टूल सरकवला. “बसा भावजी. उभे नका राहू.” त्यांना सगळे दोष देत होते, आमचे नातेवाईक, बसमधले लोक. त्या बसवाल्यानं वाटोळं केलं, असं आत्या सगळ्यांसमोर म्हणाली. मी ते ऐकलं आणि गप्प राहिले. काकांनी निदान स्वतः करून बघितलेलं सांगितलं होतं.

यादीतून पप्पांचं नाव गेलं, हे वेगळं सांगायला नको.

पाय काढल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी एकटी त्यांच्याजवळ होते. मम्मी डबा आणायला गेली होती. पलीकडच्या पलंगावरचे आजोबा झोपले होते. पप्पा जागे होते. एकाएकी म्हणाले, “माय, मी नीट केलं नसेल. कलिंगड जास्त खाल्लं बहुतेक. तू सांगितलं तसं करायला पाहिजे होतं.”

ते स्वतःची चूक शोधत होते. माझ्या भाषणात त्यांना चूक सापडत नव्हती, म्हणून स्वतःची शोधत होते.

मग मी सांगितलं. चिठ्ठीचं सांगितलं. डबा असतो, त्यात चिठ्ठ्या असतात, निघेल ती बाजू घ्यावी लागते. मला बाजूने निघाली.

पप्पांना समजायला वेळ लागला. “म्हणजे तुला तसं वाटत नव्हतं?”

“मला माहीत नव्हतं पप्पा.”

“दुसरी चिठ्ठी निघाली असती तर?”

“तर उलटं बोलले असते.”

“ते पण तयार होतं?”

“हो.”

ते छताकडे बघत होते. मला वाटलं आता ते मला काहीतरी बोलतील. त्यांनी बोलावं असं मला फार वाटत होतं. आयुष्यात ते मला कधी टाकून बोललेले नाहीत, त्या दिवशी बोलायला हवं होतं.

ते म्हणाले, “बोलून दाखव.”

“पप्पा, नको.”

“दाखव की. ऐकू दे.”

वहीची गरज नव्हती. मी पलंगाच्या कडेला उभी राहिले आणि हळू आवाजात सुरुवात केली. आदरणीय परीक्षक वगैरे सोडून दिलं. फळं चांगली, पण फळात साखर असते आणि शरीराला ती साखर झाडाची की कारखान्याची हे कळत नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये. जास्त तहान लागणं, सारखं लघवीला जाणं, वजन झपाट्याने उतरणं, ही बरं होण्याची लक्षणं नसतात, साखर वाढल्याची असतात. साखर वाढलेली असली की पायातली जाणीव कमी होते, जखम दुखत नाही, म्हणून माणूस तिच्याकडे बघत नाही. इथे मी थांबले. पप्पा म्हणाले, “थांबू नको.” मी शेवटपर्यंत बोलले. शेवटी भाकरी, डाळ, पालेभाजी आणि कष्ट करणाऱ्या माणसाचं पोट असं एक वाक्य होतं. तेही म्हटलं.

पप्पांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोप लागली.

“हे पण चांगलं बोललीस,” ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, “तितकंच चांगलं.”

मी स्टुलावर बसले.

“मग दोन्हीतलं खरं कुठलं, ते शेवटी सर सांगतात का?”

“नाही पप्पा. कोण चांगलं बोललं, तेवढंच सांगतात.”

त्यांनी मान हलवली, एखाद्या नव्या मशीनचं काम समजावून सांगितल्यावर हलवतात तशी. थोड्या वेळाने मम्मी डबा घेऊन आली. दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून तिने विचारलं, काय झालं. पप्पा म्हणाले, “काही नाही. पोरगी अभ्यास करायली.”